काहीच न मारणारं औषध

टोमॅटो मला विशेष आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे जे काही घडलं ते मी जिभेच्या चोचल्यांपायी केलं, असा आरोप व्हायला नको. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत मी टोमॅटोची बावीस रोपं लावली ती एकाच कारणासाठी. मला माझ्या मुलीशी बोलायला विषय हवा होता.

मुलगी दूरच्या गावी एका शेती संशोधन केंद्रात पिकांच्या रोगांवर काम करते. दर रविवारी सकाळी नऊ वाजता तिचा फोन येतो आणि तो मी उचलतो. "जेवलीस का?" असं मी विचारतो. सकाळी नऊला कोण जेवतं, हे मला कळतं, पण दुसरं काही सुचत नाही. ती "हो" म्हणते. मग मी "हं, आईला देतो" म्हणतो आणि पुढचा पाऊण तास मायलेकींच्या गप्पा पेपराआडून ऐकतो. याला कारण मीच आहे. तिला ही नोकरी लागली तेव्हा घरभर जमलेल्या पाहुण्यांसमोर मी एक विनोद केला होता. झाडांच्या डॉक्टरचं एक बरं असतं, पेशंट मेला तरी नातेवाईक भांडायला येत नाहीत, असं काहीतरी. पाहुणे पोट धरून हसले. ती हसली नाही. त्याला सहा वर्षं झाली. विनोद तसा वाईट नव्हता असं मला त्यातली निदान चार वर्षं वाटत होतं.

निवृत्त झाल्यावर मात्र माणसाला विचार करायला वेळ मिळतो, आणि बायकोला त्या माणसाकडे बघायला. बायकोने दोन महिने बघितलं आणि मग सुचवलं की तुम्ही काहीतरी करा, काहीही करा, पण स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नंबर टाकू नका. मी खात्यात एकतीस वर्षं तपासनीस होतो. काम दुसऱ्यांनी करायचं आणि ते झालं की नाही हे आम्ही बघायचं. असा माणूस रिकामा बसला की घरातल्यांची तपासणी सुरू होते. तेव्हा टोमॅटो हा सर्वांच्याच सोयीचा मार्ग होता.

आता आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं आणि एक सेक्रेटरी. सेक्रेटरीही खरं तर त्या बारांतलेच, पण ते स्वतःला वेगळे मोजतात. गच्ची सगळ्यांची असल्यामुळे तिथे कुणालाही काही करायची परवानगी नव्हती. मी अर्ज केला. त्यांनी तो परत केला, कारण त्यात रोपांची अंदाजे उंची नव्हती. मी उंची लिहिली. मग त्यांनी विचारलं, ही उंची आजची की पूर्ण वाढ झाल्यावरची? खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. आपल्या खात्यात हा माणूस कुठल्या कुठे गेला असता. अखेर एका हंगामापुरती परवानगी मिळाली आणि मी कामाला लागलो.

काम म्हणजे तपासणी. प्रत्येक बादलीवर नंबर टाकला, एक ते बावीस. एक जाड वही घेऊन तिला नोंदवही केली. रोज सकाळी झाडांना पाणी घालून झालं की मी खुर्ची, वही आणि माझी वाटी घेऊन पहिल्या नंबरपासून सुरुवात करायचो. ही वाटी म्हणजे ऑफिसात टेबलावर असते ती, आत ओला स्पंज असलेली. निरोपाच्या दिवशी खात्याने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. वाटी माझी मीच उचलून आणली. एकतीस वर्षं त्या स्पंजावर बोट ओलं केल्याशिवाय मी एकही कागद उलटला नव्हता आणि आता बोटाला तीच सवय. स्पंजाला बोट लावायचं, टोमॅटोचं एकेक पान उचलायचं, खालून बघायचं, वहीत लिहायचं. बाविसावा नंबर होईपर्यंत दीड तास जायचा. संध्याकाळी वाटी साबणाने धुऊन पालथी घालायची. मी अस्वच्छ माणूस नाही.

दुसऱ्या कुणी मात्र झाडांना हात लावलेला मला खपत नसे. "झाडांना हात लावू नये" अशी पाटीच मी लावली होती. वर येणारे लोक हात मागे बांधून उभे राहत.

पाचव्या आठवड्यात चार नंबरच्या पानांवर बारीक काळपट ठिपके दिसले. ठिपक्याभोवती पिवळी कड. चार दिवसांनी पाच नंबरवर दिसले, मग सहावर. मी वहीत लाल शाईने नोंद केली, आणि खोटं कशाला बोलू, पोटात काळजी असतानाच मनात एक उकळीही फुटली. कारण रोग हा तिचा विषय होता.

रविवार यायला तीन दिवस होते आणि तेवढ्यात शेजाऱ्यांना बातमी लागली. तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई वर आल्या, हात मागे बांधून बावीसही झाडं त्यांनी पाहिली आणि निदान केलं की मी झाडांना नंबरांनी हाक मारतो, त्यामुळे ती खचली आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या कंपाउंडरांनी चाळीस वर्षं एका दवाखान्यात पुड्या बांधल्या आहेत. त्यांनी ठिपके बघून सांगितलं की डोकेदुखीची एक गोळी पाण्यात विरघळवा आणि शिंपडा. टोमॅटोचं डोकं कुठे असतं, असं मी विचारलं. ते रागावून खाली गेले. सेक्रेटरींनी सल्ला दिला नाही. ठिपके संसर्गजन्य असल्यास तशी लेखी सूचना गच्चीच्या दारावर लावणं हे माझं काम आहे, एवढंच ते म्हणाले.

रविवारी फोन आला. मी "जेवलीस का" विचारलंच, ते काही सुटत नाही. पण मग "आईला देतो" च्या जागी म्हणालो, "टोमॅटोच्या पानांवर ठिपके आलेत. काळपट. पिवळी कड आहे."

तिने विचारलं, "ठिपका ओला दिसतो का? पान उजेडात धरून बघितलंत?"

मी बघितलं होतं. माझ्याकडे नोंद होती. सतरा मिनिटं आम्ही बोललो. बायको हात पुसत दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली. हा जिवाणूंचा रोग आहे, असं मुलीने सांगितलं. एकदा ठिपका पडला की तो पुसता येत नाही. पण एक वेगळ्या तऱ्हेचं औषध असतं. ते जिवाणूला मारत नाही. ते झाडाला जागं करतं, आणि मग झाड स्वतःच लढायची तयारी करतं. झाडाला काय जागं करायचं, ते झोपलेलं असतं का, आणि सावध हो हे त्याला कळतं कसं, असे एकामागून एक प्रश्न माझ्या तोंडून गेले. तीही सांगत गेली. एका पानाला रोग झाला की झाड आतल्या आत एक पदार्थ तयार करून बाकीच्या पानांना निरोप धाडतं. डोकेदुखीच्या गोळीत जे असतं त्याच्या भाऊबंदांपैकीच तो पदार्थ. हे औषध म्हणजे रोग यायच्या आधीच धाडलेला तसा निरोप. मी विचारलं, म्हणजे लस का? ती म्हणाली, अगदी लस नाही, लशीने एका ठरावीक शत्रूची ओळख होते, इथे नुसती दवंडी पिटली जाते. त्या दिवशी मी कंपाउंडरांकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी ती लगेच स्वीकारली आणि दुसरा सल्ला दिला.

औषध मिळवणं हा वेगळाच अध्याय. बी-बियाण्यांच्या दुकानात मी काउंटरवर मागणी सांगितली. दुकानदाराने विचारलं, कीड मारायचंय, बुरशी मारायचीय की तण? मी म्हणालो, काहीच मारायचं नाही. त्याने मला बसायला स्टूल दिलं. बऱ्याच शोधाशोधीनंतर मागच्या फळीवरून एक लहान पुडी निघाली. तिच्याकडे बघून तोही चकित झाला, कारण ती आपल्याकडे आहे हे त्याला माहीत नव्हतं.

इमारतीत पुडी आणायची तर पुन्हा अर्ज. औषधांच्या छापील अर्जात सेक्रेटरींनी एक रकाना ठेवला आहे, "सदर औषध कोणास मारते". मी तिथे "कोणासही नाही" लिहिलं. सेक्रेटरींनी चष्मा काढला. काहीच मारत नसेल तर ते औषध कसं, आणि औषध नसेल तर अर्ज कशाला, आणि अर्ज नको असेल तर मी तो का केला, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले. मी त्यांना दवंडीचं सांगितलं. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले की आपण तिथे "लागू नाही" लिहू, पण हे झाड जागं झाल्यावर इतर रहिवाशांना त्रास देणार नाही, असं एक हमीपत्र जोडा. मी जोडलं.

आता माझ्या चुकांकडे येतो. एकूण तीन झाल्या, आणि पहिल्या दोन मला त्याच महिन्यात कळल्या. पहिली म्हणजे मी औषध फक्त आजारी झाडांना दिलं. निरोगी झाडाला औषध देणं माझ्या तत्त्वात बसेना. ज्याने तक्रार केलेली नाही त्याला मदत मंजूर कशी करायची? पुढच्या रविवारी मुलगी हसली. सहा वर्षांनी हसली. म्हणाली, "बाबा, चोर घरात शिरल्यावर कडी लावताय तुम्ही. ज्यांना ठिपका नाही त्यांना आधी द्या."

तिचं हसणं इतकं गोड वाटलं की मी दुसरी चूक केली. सगळ्या झाडांना औषध सुरू केलं, ते दर तिसऱ्या दिवशी आणि दुप्पट. पुडीवर दहा दिवसांतून एकदा असं स्पष्ट छापलं होतं. पण दहा दिवसांनी एकदा दिल्याने झाड जागं होत असेल, तर तिसऱ्या दिवशी दिल्याने ते डोळ्यांत तेल घालून उभं राहील, असा माझा हिशेब. झाडं खरोखरच तशी उभी राहिली. वाढ थांबली. पानं आखडली. फुलं आली ती गळली. शत्रूची वाट बघत बसलेलं झाड टोमॅटो कशाला धरेल? आमच्या खात्यात असे एक साहेब होते. त्यांच्यावर कुणी कुरघोडी करू नये म्हणून ते इतके सावध असत, की नोकरीभर त्यांनी दुसरं काहीच केलं नाही.

आणि एवढं करूनही ठिपके पुढे सरकतच होते. नऊ, दहा, अकरा. फोनवर मी काय सांगत होतो? "उत्तम चाललंय." लाज वाटते, पण असंच सांगत होतो. मला भीती होती की झाडं मेली की विषय मरेल, आणि मी पुन्हा "जेवलीस का" वर येईन. वहीत मात्र मी एकही खोटं अक्षर लिहिलं नाही. तोंडी खोटं आणि लेखी खरं, अशी माझी दुहेरी अवस्था झाली. ठिपके सोळा नंबरवर पोचले त्या रविवारी ती म्हणाली की तिला चार दिवस सुट्टी आहे आणि ती झाडं बघायला येते आहे. आई-बाबांना भेटायला नाही, झाडं बघायला. बायकोने याचं वाईट वाटून घेतलं. मी गच्चीवर जाऊन ठिपके पुन्हा मोजले.

ती आली. बॅग ठेवून चहासुद्धा न घेता गच्चीवर गेली. मी मागोमाग गेलो, निकालाच्या दिवशी नापास मुलगा बापामागे जातो तसा. तिने खुजी, फळ नसलेली, निम्म्याहून अधिक ठिपकेदार अशी ती बावीस झाडं बघितली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "उत्तम असं मी म्हणालो होतो ते जरा जास्तच होतं."

तिने वही मागितली. पाण्याच्या टाकीला टेकून ती तासभर वाचत बसली. खात्यात एकतीस वर्षं मी नोंदी केल्या, पण त्या इतक्या लक्ष देऊन कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. मधूनच ती मागची पानं काढून पुन्हा बघत होती. शेवटी म्हणाली, "हे विचित्र आहे. चारनंतर पाच, मग सहा, सात, ओळीने. शिंतोडे उडून पसरला असता तर आजूबाजूला कसाही गेला असता. आणि एक, दोन, तीन अजून साफ आहेत. रोग मागे फिरलेलाच नाही. बाबा, हा रोग नंबर वाचत चाललाय. रोज सकाळी तुम्ही नक्की काय करता? मला करून दाखवा."

मी आनंदाने दाखवलं. इतके दिवस माझ्या पद्धतीचं कौतुक कुणी केलं नव्हतं. खुर्ची घेतली, वाटी घेतली. एक नंबरपासून सुरुवात. स्पंजाला बोट, पान उचल, खालून बघ, लिही. स्पंजाला बोट, पुढचं पान. चार नंबरवर आलो. ठिपक्याच्या पानाला हात लावला, बोट पुन्हा स्पंजाला लावलं, आणि पाच नंबरकडे वळलो.

"थांबा," ती म्हणाली.

मी बोट हवेत धरून थांबलो. मी वाटीकडे बघितलं, चार नंबरकडे बघितलं, मग पाचकडे. नजर त्या पाटीवर गेली. झाडांना हात लावू नये. पन्नास दिवस, रोज सकाळी, मी एकट्याने त्या जिवाणूंना ओल्या बोटावर बसवून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सोडलं होतं, आणि ते नीट पोचले की नाही हे वहीत लिहूनही ठेवलं होतं. तीन नंबरपर्यंत ते गेले नाहीत, कारण संध्याकाळी मी वाटी साबणाने धूत होतो. ही माझी तिसरी चूक.

इतकी मानहानी माझी खात्यातही कधी झाली नव्हती. मग जे सहा वर्षं सुचत नव्हतं ते एकदम तोंडातून आलं. "तुझी नोकरी लागली तेव्हा मी सगळ्यांसमोर जे बोललो ते चुकलं माझं. मला तेव्हा काही कळत नव्हतं. आता तर बघतेच आहेस."

तिने वही मिटली. "पेशंट मेला तरी नातेवाईक भांडायला येत नाहीत," ती म्हणाली. शब्दन् शब्द तिच्या लक्षात होता. "इथे तर नातेवाइकानेच पेशंट मारलेत." आणि ती हसायला लागली. मीही हसलो, पण डोळ्यांना ओलं बोट लावता येईना म्हणून बाहीने पुसले.

आम्ही खाली आलो तर स्वयंपाकघराच्या खिडकीत, फुटक्या बादलीत, एक टोमॅटोचं झाड. हिरवंगार, एकही ठिपका नाही, आणि त्यावर सात टोमॅटो. मी ते कधी बघितलं नव्हतं असं नाही, पण त्यावर नंबर नसल्यामुळे त्याची दखल घेतली नव्हती. बायकोने सांगितलं की मोडकं म्हणून मी टाकलेलं ते तेविसावं रोप. दर रविवारी ती माझा फवारणीचा पंप धुते, आणि धुतलेलं पाणी मोरीत कशाला घालवायचं म्हणून या झाडावर मारते. बास, एवढंच.

मुलगी खिडकीशी खिळून उभी राहिली. म्हणजे आठवड्यातून एकदा, अगदी पातळ, आणि एकही ठिपका नसतानाच, ती म्हणाली. मी म्हणालो, म्हणजे औषध चालतं. ती म्हणाली, तसं म्हणता येणार नाही, कदाचित ते नुसतं तुमच्या हातून वाचलं म्हणून बरं असेल. मग खरं कारण कोणतं, मी विचारलं. "मलाही माहीत नाही," ती म्हणाली, आणि हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला की मला प्रथमच कळलं, ही रोज सकाळी उठून कामावर का जाते. एका झाडावरून काहीच सिद्ध होत नाही. काही झाडांना औषध, काहींना नुसतं पाणी, आणि हात कुणालाच नाही, असं करून बघायला हवं. बायको टोमॅटो तोडायला निघाली तर तिने तोडू दिले नाहीत. पुडीवर फवारणीनंतर थांबायचे जेवढे दिवस छापले होते तेवढे मोजून मगच खायचे, असं बजावून ती गेली. जाताना वाटी सोबत घेऊन गेली. म्हणाली, केंद्रात दाखवायचीय.

पुढच्या हंगामाचा अर्ज सेक्रेटरींनी एका दिवसात मंजूर केला. रोपं चोवीस, बारांना औषध आणि बारांना पाणी, आणि कुठल्या झाडाला काय ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. चिठ्ठ्या मास्तरीणबाईंनी काढल्या. मी आता झाडांपासून हातभर लांब बसून भिंगातून बघतो. बोट आपोआप वाटी शोधतं, म्हणून ते दुसऱ्या हाताने धरून ठेवावं लागतं.

परवा रविवारी नऊ वाजता फोन वाजला. मी उचलला आणि सवयीने विचारलं, "जेवलीस का?"

"हो," ती म्हणाली.

बायको दारात येऊन हात पुढे करून उभी होती. मी म्हणालो, "हं, आईला देतो."

"थांबा, आईला नंतर," मुलगी म्हणाली. "सतरा नंबरचं आधी सांगा."

मी वही उघडली. बायकोचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग तिने माझ्याजवळ खुर्ची सरकवली आणि चहा ठेवायला आत गेली.